काट्यांच्या नक्षीची चंची : कॅनडातल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

विनिपेग, मॅनिटोबा

कॅनडातल्या महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी आणि सभासद यांना,

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात वाघनखं आली, तेव्हा माझे वडील पहिल्याच आठवड्यात बघायला गेले. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखरे, वरून पाऊस. काचेसमोर मिनिटभर उभं राहायला मिळालं. रात्री फोनवर म्हणाले, "बघितली गं. पण तीन वर्षांनी परत न्यायचीत म्हणे." त्या 'परत'पाशी ते जरा अडखळले. साताऱ्याहून लंडनला जाण्याला 'परत' म्हणायचं, हे त्यांच्या जिभेला पटेना.

त्या दिवसांत आपल्या मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दुसरा विषय नव्हता. ती नखं महाराजांचीच का, यावर इतिहासकारांत वाद झाला. तोही आपण हिरिरीने वाचला. तो वाद मला इथे उकरायचा नाही. आपल्या माणसांची वस्तू परक्याच्या कपाटात असली की पोटात काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे, एवढंच मला म्हणायचं आहे. ते ठाऊक असलेल्या माणसांना म्हणूनच हे पत्र लिहिते आहे, आणि ते आपल्या वस्तूंबद्दल नाही. आपण ज्यांच्या जमिनीवर घरं घेतली, मुलं वाढवली, गणपती बसवले, त्या इथल्या मूळनिवासी क्री लोकांच्या वस्तूंबद्दल आहे.

त्याच उन्हाळ्यात मुंबईहून आलेल्या माझ्या मावशीला घेऊन मी एका संग्रहालयात गेले होते. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण तिथे जे दिसलं ते इतरही कितीतरी ठिकाणी दिसतं. एका कोपऱ्यात, मंद दिव्याखाली, कातड्याची एक पिशवी टांगलेली होती. वीतभर रुंद, हातभर लांब. खालच्या अंगाला लाल, पांढऱ्या, निळ्या चौकटींची घट्ट पट्टी, आणि त्याखाली कातड्याच्या झिरमिळ्या, प्रत्येक झिरमिळीभोवती रंगीत काही तरी गुंडाळलेलं. मावशी काचेला नाक लावून म्हणाली, "अगं, ही तर चंची!"

चंचीच होती ती. मावशीच्या वडिलांकडे होती तशी पान-तंबाखूची नव्हे. तंबाखू, चिलीम, गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि पेट घेणारा बुरा ठेवायची. क्री भाषेत तिला कस्किपितागन म्हणतात. कातड्यांच्या व्यापाराला आलेल्या हडसन्स बे कंपनीचे गोरे लोक तिला 'फायर बॅग' म्हणत. उणे तीस अंशांत जंगलात निघालेल्या माणसाचा जीव त्या पिशवीतल्या ठिणगीवर असे.

खाली पाटी होती. 'क्री. १९वं शतक. कर्ती अज्ञात.' त्याखाली, अक्षर थोडं लहान पण पूर्ण, ज्याने ती पिशवी संग्रहालयाला दिली त्या गृहस्थाचं नाव, त्याचा हुद्दा आणि देणगीचं साल.

मावशी बराच वेळ तिथून हलली नाही. ती चाळीस वर्षं शिवणकाम करत आलेली बाई. परतताना गाडीत म्हणाली, "एवढं काम एका बाईला वर्षभर पुरलं असेल. ज्याने दिली त्याचं नाव आहे की. मग जिने केली तिचंच तेवढं कसं हरवलं?"

मला उत्तर येत नव्हतं. या देशात चौदा वर्षं राहून येत नव्हतं. त्यानंतर जे वाचलं, बघितलं, विचारलं, त्यातलं तुम्हाला सांगण्याजोगं खाली लिहिते आहे.

आधी ते रंगीत 'काही तरी' काय होतं ते सांगते, कारण मला वाटलं होतं मणी असतील. ते साळिंदराचे काटे होते.

साळिंदर आपल्याकडेही आहे. आपलं साळिंदर जमिनीवर वावरतं, बिळात राहतं, आणि त्याचे काटे लांब, जाड, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे असतात. सीमंतोन्नयनात बायकोच्या केसांचा भांग साळूच्या काट्याने पाडायचा असं गृह्यसूत्रांत सांगितलंय, तोच हा काटा. इथलं साळिंदर वेगळं. ते झाडावर चढतं. त्याच्या अंगावर सुमारे तीस हजार काटे असतात. बारीक, पोकळ, बोटभर लांबीचे, पांढरे आणि फक्त टोकाला काळे. टोकाला डोळ्यांनी न दिसणारे उलटे दाते असतात, म्हणून अंगात शिरलेला काटा मागे येत नाही, पुढेच सरकत जातो. क्रीमध्ये या प्राण्याला काक्वा म्हणतात.

अशा काट्याचं भरतकाम करायचं हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल? काचेचे मणी युरोपातून येण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या बायका हे करत आहेत. काटे धुवायचे, जाडीप्रमाणे निवडायचे. शेपटीकडचे राकट वेगळे, पोटाकडचे नाजूक वेगळे. मग रंगवायचे. लाल रंगासाठी एका रानवनस्पतीची मुळं उकळत. ती आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातली आहे, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. पुढे व्यापारात लोकरीचं कापड आलं तेव्हा त्याच्या चिंध्या उकळून त्यातला रंग काट्यांना द्यायलाही त्या शिकल्या. रंगवलेले काटे प्राण्याच्या वाळवलेल्या मूत्राशयाच्या पिशवीत ठेवायचे, कारण ती चिवट असते, टोकं तिच्यातून आरपार जात नाहीत. कामाला बसलं की थोडे काटे गालात धरायचे. लाळेने ते मऊ पडतात. मग एकेक काढून दातांत किंवा नखाखाली ओढून चपटा करायचा आणि ओला आहे तोवर टाक्याखाली दुमडायचा.

धागा म्हणजे मूस किंवा कॅरिबू या इथल्या मोठ्या हरणांच्या पाठीच्या कण्यालगतची कंडरा. वाळवून, सोलून तिचे तंतू काढतात. सुईऐवजी आरी. आणि टाका कातड्याच्या आरपार न्यायचा नाही. जाडीच्या मधूनच काढायचा. साडीला फॉल लावताना उजव्या बाजूला टाका दिसू नये म्हणून आपण जसा जपून एकच धागा उचलतो, तसं. पिशवी उलटून आत पाहिलं तर टाका दिसत नाही.

मी पाहिलेली चौकटींची पट्टी मात्र भरलेली नव्हती, विणलेली होती. वाकवलेल्या काठीचं धनुष्य करून त्यावर उभे धागे ताणायचे, आडवा धागा घालत जायचं आणि दर दोन उभ्या धाग्यांमध्ये काटा त्या आडव्या धाग्यावरून दुमडत न्यायचा. धागा पूर्ण झाकला जातो. समोरून पाहणाऱ्याला वाटतं, दाटीने बसवलेले बारीक मणी आहेत. मला तसंच वाटलं होतं. उभे-आडवे धागे मोजून चालणारी ही नक्षी असल्यामुळे तिच्यात चौकटी, पायऱ्या, शंकरपाळे, फुल्या येतात. वळणदार वेल येत नाही. फुलांच्या वेली पुढे मण्यांबरोबर आणि रेशमी दोऱ्यांबरोबर फुलल्या, आणि त्यात रेड नदीकाठच्या मेटी, म्हणजे मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या, बायकांचा मोठा वाटा होता. खाली चार जोड्या शेपट्या असलेली मोठी पिशवी त्या काळातली. आठ पायांची दिसते म्हणून संग्रहालयवाल्यांनी तिला 'ऑक्टोपस बॅग' असं नाव दिलं. हजार मैलांत जिथे कुणी ऑक्टोपस पाहिला नव्हता, तिथल्या पिशवीला हे नाव. आधी अख्ख्या प्राण्याच्या कातडीची पिशवी करत, तिला पाय लोंबत, त्यावरून हा आकार आला असावा असं अभ्यासक मानतात.

कातड्याबद्दलही दोन शब्द. मूसचं कातडं खरवडून, केस काढून, त्याला मेंदूचा लेप चोळतात, ओलं असताना ओढून ओढून मऊ करतात आणि मग कुजक्या लाकडाच्या धुरावर धरतात. धुरावलेलं कातडं भिजलं तरी वाळून ताठ होत नाही. आणि त्याचा वास जात नाही. दीडशे वर्षांच्या जुन्या पिशव्यांनाही तो येतो, असं त्या हाताळणारे सांगतात. काचेआड आपल्याला तो येत नाही. माझ्या मते त्या पिशवीचा निम्मा अर्थ तिथेच निघून गेला.

आता ती काचेआड कशी गेली ते.

२ मे १६७० रोजी इंग्लंडच्या राजाने एक सनद दिली आणि हडसन उपसागराला मिळणाऱ्या साऱ्या नद्यांच्या खोऱ्यांचा मुलूख एका व्यापारी कंपनीच्या हवाली केला. आपल्याला दुसरी एक इंग्रज कंपनी चांगली माहीत आहे. ही तिची धाकटी बहीण, हडसन्स बे कंपनी. ज्यांचा मुलूख होता त्या क्री, अनिशिनाबे, डेने लोकांना कुणी विचारलं नाही. कंपनीला बीव्हरची कातडी हवी होती. यॉर्क फॅक्टरी, मूस फॅक्टरी अशी ठाणी उभी राहिली. तिथल्या नोकरीला स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरची गरीब घरातली पोरं येत. स्ट्रॉमनेस बंदरात कंपनीची जहाजं पाणी भरायला थांबत आणि माणसंही भरून घेत. यातल्या अनेकांनी क्री बायकांशी इथल्या रीतीने लग्नं केली. त्या बायकांनी त्यांना कातड्याचे कोट शिवून दिले, बर्फातले जोडे दिले, पिशव्या दिल्या. त्यांच्याशिवाय ते नवरे पहिल्या हिवाळ्यातच संपले असते. करार संपल्यावर काहीजण इथेच राहिले. काही परत गेले. पिशवी बरोबर नेली, बायको-मुलं नेली नाहीत. तिकडे ती पिशवी भिंतीवर लागली, मग नातवाने पेटीत ठेवली, मग पणतीने संग्रहालयात दिली.

म्हणून सगळंच लुटून नेलं असं मी म्हणत नाही. काही वस्तू प्रेमाने दिलेल्या होत्या. काही विकण्यासाठीच केल्या होत्या, आणि त्या करणाऱ्या बायका भाव करण्यात कच्च्या नव्हत्या. पण पुढचा काळ वेगळा आहे, आणि तो आपण वाचत नाही. १८७० साली कंपनीने हा मुलूख कॅनडाला दिला आणि त्याचे पैसे घेतले. मग सरकारचे या लोकांशी जमिनीचे करार झाले. विनिपेगची जमीन १८७१ च्या पहिल्या कराराची, फोर्ट कार्लटनचा सहावा करार १८७६ चा. रानरेडे संपले, उपासमार आली. १८९५ च्या कायदाबदलाने या लोकांचे विधी गुन्हा ठरवले, आणि ती बंदी १९५१ पर्यंत राहिली. मुलं निवासी शाळांत नेली. सुमारे दीड लाख मुलं. आजीच्या मांडीवर बसून काटा कसा दुमडायचा ते शिकायचं वय त्यांनी आजीपासून शेकडो मैलांवर काढलं. त्या काळात भुकेल्या घरातून जी पिशवी विकली गेली तिच्या पावतीवर 'खरेदी' लिहिलेलं असतं. त्या शब्दावर मी सहज विश्वास ठेवू शकत नाही.

करणारीचं नाव न लिहिण्याबद्दल परत एकदा. 'अज्ञात' म्हणजे कुणाला अज्ञात? तिच्या वस्तीत तिचा हात सगळे ओळखत असणार. आपल्याकडे पूर्वी रांगोळी बघून सांगत, ही अमकीच्या सुनेची. तशीच तीही अज्ञात नव्हती. घेणाऱ्याने विचारलं नाही, एवढंच. अलीकडे काही संग्रहालयं 'कर्ती अज्ञात' काढून 'एके काळी जिचं नाव ठाऊक होतं अशी कलावंत' असं लिहू लागली आहेत. मला हे शब्द फार खरे वाटतात.

आज या पिशव्या कुठे कुठे आहेत? लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्समध्ये, स्कॉटलंडमध्ये. जर्मनीतल्या श्पायर कुटुंबाचा मोठा संग्रह कॅनडा सरकारने १९७० च्या दशकात विकत घेतला. तो आता गॅटिनोच्या कॅनेडियन म्युझियम ऑफ हिस्टरीत आहे. आणि कंपनीने स्वतः जमवलेला संग्रह १९९४ मध्ये आपल्या विनिपेगच्या मॅनिटोबा म्युझियमला दिला. म्हणजे बसने जाण्याच्या अंतरावर. आपण तिथे जातो, नॉनसच या जुन्या जहाजाच्या प्रतिकृतीसमोर पाहुण्यांचे फोटो काढतो आणि पार्किंगचा वेळ संपत आला म्हणून निघतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं.

२०२५ मध्ये कंपनी बुडाली. एक जूनला शेवटची दुकानं बंद झाली; आपल्यातल्या अनेकांनी तिथून स्वस्तात रजया आणल्या. त्याच सुमाराला कंपनीकडे उरलेली चित्रं आणि जुन्या वस्तू लिलावात काढायची परवानगी कोर्टाकडे मागितली गेली, आणि असेंब्ली ऑफ मॅनिटोबा चीफ्स या इथल्या प्रमुखांच्या संघटनेने सांगितलं की थांबा, यात आमचं काय आहे ते आधी आम्हाला बघू द्या. रास्त मागणी होती. लिलावात ज्याच्याकडे पैसा त्याची वस्तू. महाराष्ट्र सरकारने त्याच वर्षी लंडनच्या लिलावातून रघूजी भोसल्यांची तलवार ४७.१५ लाख रुपयांना सोडवून आणली; आपल्यामागे एवढं मोठं राज्य उभं होतं. हडसन उपसागराच्या काठावरच्या हजारभर वस्तीच्या गावामागे कोण उभं राहणार?

आता एक गोष्ट सांगते जी विनिपेगहून उत्तरेकडे रोज गाडी चालवणाऱ्यांना सांगायलाच हवी. विनिपेगच्या उत्तरेला स्टोनी माउंटनचा तुरुंग आहे. १८८५ मध्ये क्रींचा नेता पाउंडमेकर याला तिथे ठेवलं होतं. गुन्हा राजद्रोहाचा, शिक्षा तीन वर्षांची. खरं तर त्या वर्षीच्या लढाईत त्याने आपल्या तरुणांना पळत्या सैनिकांचा पाठलाग करू दिला नव्हता. तुरुंगात तब्येत ढासळली, काही महिन्यांनी सोडलं, आणि १८८६ मध्ये तो गेला. ब्लॅकफूट लोकांचा नेता क्रोफूट याने त्याला मुलगा मानलं होतं, त्याच्याच मुलखात गेला. २०१९ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी त्याला निर्दोष जाहीर केलं. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये टोरांटोच्या रॉयल ऑन्टारियो म्युझियमने त्याची चिलीम आणि खोगिराची पिशवी त्याच्या वंशजांच्या हाती परत दिली. त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संग्रहालयाने क्रोफूटचा पोशाख सिक्सिका या त्याच्या ब्लॅकफूट लोकांना परत केला होता. १९०४ मध्ये विकत घेतलेला. बापाची वस्तू आधी, मुलाची नंतर, वेगवेगळ्या देशांतून घरी आल्या.

या चिलमीबद्दल एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मराठीत नामाला तीन लिंगं. क्रीमध्ये स्त्री-पुरुष असा भेद नाही. सजीव आणि निर्जीव असा आहे. माणूस, साळिंदर सजीव, हे ठीक. पण चिलीमही त्यांच्या व्याकरणात सजीव आहे. तिच्याबद्दल बोलताना क्रियापद माणसाचं लागतं. आपण 'वस्तू परत दिली' म्हणतो तिथे त्या घरात ऐकू येणारं वाक्य वेगळं असणार. पाउंडमेकरच्या वंशजांच्या घरी एक वडीलधारं माणूस परत आलं.

आणि लिपीचंही एक. क्रींची स्वतःची अक्षरलिपी आहे. ती सुमारे १८४० मध्ये नॉर्वे हाउस इथे जेम्स एव्हान्स या मिशनऱ्याने बसवली असं पुस्तकं सांगतात. क्री परंपरा सांगते की ती त्यांच्याच एका माणसाला वरून मिळाली. एव्हान्सला देवनागरीची ओळख होती आणि व्यंजन-स्वर एकाच अक्षरात बसवायची कल्पना तिथून आली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. त्या लिपीत स्वर बदलला की अक्षराचं तोंड फिरतं. आपल्या मुलांना बाराखडी शिकवताना मी ती शेजारी ठेवून दाखवते.

कायद्याचंही थोडं सांगायला हवं, कारण मागणी तिथेच करायची आहे. वाघनखं उसनीच का आली, कायमची का नाही? कारण व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला ब्रिटनच्या १९८३ च्या कायद्याने वस्तू देऊन टाकायला जवळपास मनाई आहे. ब्रिटिश म्युझियमचे हात १९६३ च्या कायद्याने बांधलेले. ज्या भिंतीवर आपलं डोकं आपटलं, त्याच भिंतीवर क्रींचं आपटतं. इथे कॅनडात भिंत नाही, पण दारही नाही. अमेरिकेत १९९० पासून कायदा आहे की सरकारी पैसा घेणाऱ्या संग्रहालयांनी मूळनिवाशांचे अवशेष आणि पवित्र वस्तू परत करण्याची ठरलेली वाट धरावी. कॅनडात देशभरासाठी असा कायदा नाही. सी-३९१ नावाचं विधेयक २०१९ मध्ये खालच्या सभागृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकून निवडणुकीबरोबर विझलं. निवासी शाळांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये संग्रहालयांच्या धोरणाची तपासणी मागितली होती. कॅनेडियन म्युझियम्स असोसिएशनचा तो अहवाल २०२२ मध्ये आला. त्यात कायदाही मागितलाय, पैसाही मागितलाय. पैसा का? कारण जुन्या काळी कातडं, पिसं, लोकर यांना कीड लागू नये म्हणून संग्रहालयं सर्रास आर्सेनिक मारत. घरी परतणारी पिशवी आजीच्या हाती देण्याआधी तपासावी लागते की तिला हात लावला तर विष लागेल का. या वस्तूंवर एवढंही करून ठेवलंय.

दरम्यान व्हॅटिकनमधूनही ६२ वस्तू डिसेंबर २०२५ मध्ये कॅनडात परत आल्या. बऱ्याच जणांना त्याआधी त्या तिथे आहेत हेच माहीत नव्हतं.

पण परत करणं हा एकच मार्ग आहे असं मला वाटत नाही, आणि क्री जाणकारही सगळे तसं म्हणत नाहीत. आधी भेट हवी. १८४१ मध्ये कंपनीच्या गव्हर्नरच्या सचिवाने पाच ब्लॅकफूट अंगरखे मिळवले होते, त्यातल्या काहींवर काट्यांचं काम होतं. ते ऑक्सफर्डला पडून होते. २०१० मध्ये ते कॅल्गरी आणि लेथब्रिजला पाठवले, आणि ब्लॅकफूट माणसांना काचेशिवाय, टेबलावर, हाताने बघू दिले. ज्यांनी बघितले त्यांनी टाके मोजले, कापाकाप समजून घेतली. काट्याचं काम चित्रावरून शिकता येत नाही. कुठे दुमड घेतली, टोक कुठे दडवलं, ते हाताला कळावं लागतं. क्रींच्या वाट्याला असं टेबल प्रत्येक संग्रहालयात असावं. क्यूबेकच्या उत्तर भागात उजे-बुगुमू गावात २०११ पासून जेम्स बे क्रींचं स्वतःचं संग्रहालय उभं आहे, त्यांनी स्वतः चालवलेलं. म्हणजे 'परत दिलं तर ठेवणार कुठे?' हा जो प्रश्न आपल्याच लोकांकडून मी ऐकते, त्याला आता अर्थ उरलेला नाही. आपल्यालाही हाच प्रश्न विचारला जातो ना, आणि आपण चिडतो.

आता मागणं. मंडळांकडे मागते आहे, सरकारकडे नव्हे.

आपल्या कार्यक्रमांत आणि स्मरणिकांत 'रेड इंडियन' हा शब्द अजून छापून येतो. तो काढा. आपण शाळेत शिकलो म्हणून तोंडात बसला, ठीक. पण इथे तो शिवीसारखा लागतो. क्री म्हणा. ते स्वतःला मैदानी प्रदेशात नेहियवक म्हणतात, आपल्या मॅनिटोबाच्या उत्तर भागात इनिनिवक. 'क्री' हेसुद्धा फ्रेंचांनी दिलेलं नाव आहे.

दिवाळी किंवा गणपतीच्या एका कार्यक्रमात काट्याचं किंवा मण्यांचं काम करणाऱ्या क्री किंवा मेटी कलावंत बाईंना बोलवा. फुकट नव्हे, आपण पुण्याहून आलेल्या गायकाला देतो तेवढं मानधन द्या. वडीलधाऱ्यांना बोलावताना आधी तंबाखू द्यायची त्यांच्यात रीत आहे. आपल्याला ती समजावून सांगावी लागू नये. गोंधळ्याला सुपारी देऊन आमंत्रण करणाऱ्यांची आपण मुलं. रीत ज्या त्या गावची वेगळी, म्हणून आधी विचारा.

प्रत्येक मंडळाने आपल्या खासदाराला एक पत्र पाठवावं: वस्तू घरी परतण्याचा कायदा आणि त्यासाठीचा निधी यांचं काय झालं? खासदार आपल्या ढोल-ताशाच्या मिरवणुकीत दर वर्षी येतात, फेटा बांधून घेतात. त्यांना ही विचारणा आपल्याकडून आली तर ते नक्की वाचतील. मसुदा मी इंग्रजीत तयार ठेवला आहे. मागाल त्यांना पाठवते.

आणि आपल्यात संगणकावर काम करणारे शेकड्यांनी आहेत. संग्रहालयांच्या नोंदवह्या संगणकावर चढवण्याचं काम वर्षानुवर्षं रखडतं. एखाद्या क्री संस्थेला अशी मदत हवी असेल तर ती त्यांच्या अटींवर, त्यांच्या देखरेखीखाली द्या. नोंदी कुणाच्या, त्या कुणी बघायच्या, हे ठरवायचा हक्क त्यांचा.

शेवटचं मागणं सगळ्यात सोपं. भारतातून पाहुणे आले की नायगारा, बॅन्फ ठरलेलं. त्यातले दोन तास अशा एखाद्या पिशवीसाठी काढा. दिवा मंद असेल, कारण काट्यांचे रंग प्रकाशाने उडतात. डोळ्यांना सवय व्हायला पाच मिनिटं लागतात. तेवढं थांबा. पाटी वाचा. 'अज्ञात' लिहिलेलं असेल तर अभिप्रायाच्या वहीत विचारा की नाव शोधायचा प्रयत्न कुणी, कधी केला होता. दहा जणांनी विचारलं तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल. क्रीमध्ये 'माझी आजी' याला नोहकोम म्हणतात. त्या पाटीमागे कुणाची तरी नोहकोम आहे.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी अकरा वाजता मी मॅनिटोबा म्युझियमच्या दाराशी उभी असेन. विनिपेगमधल्या ज्यांना जमेल त्यांनी यावं, मुलांना आणावं. थंडी असेल, बूट नीट घाला. मावशी पुन्हा आली आहे, ती असेल. या वेळी तिने तिच्या वडिलांची चंची बरोबर आणली आहे.

आपली,
विनिपेगमधली एक सभासद